दोनशेपैकी अडुसष्ट

फार्मसी कॉलेजात मी एकोणतीस वर्षं नोकरी केली आणि तापाची गोळी कशापासून बनते हे मला आजही माहीत नाही. मी प्रवेश विभागात कारकून होते. निवृत्त होताना अधीक्षक झाले होते, म्हणजे काम तेच, फक्त खुर्चीला हात आले. पण हा फरक तुळजापुरातल्या लोकांना समजावणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. मंडईत भाजी घेताना बायका मला जीभ काढून दाखवतात. "मॅडम, हे पांढरं पांढरं काय असंल हो?" सुरुवातीला मी सांगायची की बाई, मी फक्त फॉर्म तपासते. आता मीही वाकून बघते आणि "पाणी जास्त प्या" म्हणते. अजून कुणाची तक्रार आलेली नाही.

मला खरोखर येणारी विद्या एकच. बी. फार्मसीच्या प्रवेश परीक्षेचं, म्हणजे सीईटीचं, स्कोअरकार्ड वाचता येणं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण निकालाच्या दिवसांत आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात जी माणसं यायची, त्यांच्यात शेतकरी होते, शिक्षक होते, एक वकील होते, आणि त्या कागदापुढं सगळे सारखेच अडाणी होते. त्या कागदावर मार्क नसतात. पर्सेंटाईल असतं. प्रत्येक विषयाचं एक आणि एकूण एक, आणि प्रत्येक आकड्यात टिंबानंतर सात आकडे. जळकोटचे एक गृहस्थ दोन दिवस वैतागून तिसऱ्या दिवशी माझ्याकडं आले. म्हणाले, "मॅडम, त्यो सात आकडी नंबर लागतच न्हाय. कोड बिड टाकायचा असतोय का म्होरं?" पोरानं त्यांना सांगितलं होतं की शंका असेल तर कागदावरच्या नंबरवर फोन करा. खाली छापलेला नंबर त्यांनी बघितला नव्हता.

पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत. परीक्षेला बसलेली शंभर पोरं मार्कांप्रमाणं ओळीत उभी केली, तर आपलं पोरगं साधारण किती जणांच्या पुढं आहे, तो आकडा. पर्सेंटाईल ऐंशी असेल तर ऐंशी जण मागं. बस, एवढंच. एवढं सांगायला मी एकोणतीस वर्षांतली निदान निम्मी घालवली असतील. ब्याण्णव पर्सेंटाईल म्हणजे ब्याण्णव टक्के समजून गावभर पेढे वाटलेले बाप मी बघितलेत. त्यांचं काही बिघडत नाही, पेढे गोडच असतात. सगळ्यात ताप शिक्षक असलेल्या बापांचा. ते तिन्ही विषयांचे आकडे घेणार, बेरीज करणार, तीननं भागणार आणि मग "एकूण जुळत नाही, तुमची चूक आहे" असं मला तांबड्या पेननं लिहून दाखवणार. एकूण पर्सेंटाईल हे एकूण मार्कांची वेगळी ओळ लावून काढतात, विषयांची सरासरी काढून नव्हे, हे मी त्यांना सांगायची. ते म्हणायचे, "मी गणित शिकवतो." मी म्हणायची, "म्हणूनच."

आणि दुसरी गोष्ट अशी की या परीक्षेत पास-नापास नसतं. शून्याच्या वर काहीतरी मिळालं की झालं. म्हणजे ज्याला परीक्षेच्या हॉलचा दरवाजा सापडला आणि माऊस हातात धरता आला, तो आत. पुढं कुणाला कुठलं कॉलेज मिळायचं, ते ओळीतल्या जागेवर ठरतं. पुण्याच्या नामांकित कॉलेजला ओळीच्या तोंडाशी असलेली पोरं लागतात. आमच्यासारख्या कॉलेजला ओळीत असलेलं कुणीही चालतं. आमचे प्राध्यापक उन्हाळ्यात गावोगाव हिंडून पोरं गोळा करायचे. प्राचार्यांनी एका वर्षी पत्रकं छापली आणि 'प्रवेश मार्गदर्शन' म्हणून खाली माझा मोबाईल नंबर टाकला, मला न विचारता. ती पत्रकं नळदुर्गपासून येडशीच्या स्टेशनापर्यंत जिथं भिंत दिसली तिथं चिकटवली. येडशीला ते स्वच्छतागृहाच्या दाराशेजारी होतं. माझ्या नवऱ्यानं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आणि आठवडाभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलला.

त्याच नंबरवर तो फोन आला.

दिवस निकालानंतरचे. माझ्या टेबलापुढं सात-आठ जण उभे, एकाचं डोमिसाईल हरवलेलं, एकाच्या दाखल्यावर आडनाव चुकलेलं. फोनवर पलीकडं टेंपोचं इंजिन आणि एक मोठा आवाज.

"मॅडम, तामलवाडीहून बोलालोय. पोरीचा निकाल लागलाय त्या फार्मशीच्या परीक्षेचा. अडुसष्ट पडलेत. दोनशेतले. पास हाय का नापास?"

आता माझ्या कामातला पहिला धडा असा की कुणीही आकडा सांगितला की आधी विचारायचं, मार्क सोडा, पर्सेंटाईल किती? स्कोअरकार्डावर मार्क नसले तरी पोरं उत्तरतालिका बघून आपले मार्क काढतात. ऑफिसातल्या नव्या मुलींना मीच हे शिकवायची. त्या दिवशी मी विचारलं नाही. माझी मान आणि खांदा यांच्यात फोन, हातात कुणाचा तरी जातीचा दाखला. मी म्हणाले, "पास-नापास काही नसतं हो, पण दोनशेत अडुसष्ट म्हणजे काही खरं नाही."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला. मला तो फोन त्याच संध्याकाळी आठवतही नव्हता.

तीनएक आठवड्यांनी, एका शुक्रवारी, तामलवाडीचा अभिजित नावाचा मुलगा कागदपत्रं तपासून घ्यायला आला. प्रवेशाचा अर्ज भरायची मुदत दुसऱ्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी संपत होती. त्याचे कागद नीट होते. मी शिक्का मारला, "पुढचा" म्हणाले, तर त्याच्या मागची मुलगी पुढं आली. निळा ड्रेस, छातीशी प्लॅस्टिकची फाईल. तिनं फाईल टेबलावर ठेवली नाही.

"मला कागद तपासायचे न्हाईत, मॅडम. माझं काम येगळं हाय."

"काय काम आहे?"

"तुमी अण्णाला फोनवर काय सांगितलाव?"

"कोण अण्णा?"

"माझे वडील. दत्ता अण्णा. तामलवाडीचे, टेंपोवाले. तुमी म्हणलाव माझं काही खरं न्हाय."

माझ्या टेबलावर भांडायला आलेली माणसं मी शेकड्यांनी बघितली आहेत. ती मोठ्यानं बोलतात. ही पोरगी हळू बोलत होती. तिला मी आतल्या खोलीत नेलं, अभिजितही आला. तो तिचा चुलतभाऊ. दोघं एकाच घरातले, एकाच वर्गातले. मुलीचं नाव ऋतुजा.

तिनं स्कोअरकार्ड माझ्यापुढं ठेवलं. एकूण पर्सेंटाईल एकसष्ट आणि वर काही. मग अभिजितचं ठेवलं. एकोणसाठ आणि वर काही.

"आता मार्क ऐका," ती म्हणाली. "मला दोनशेत अडुसष्ट, अभ्याला त्र्याहत्तर. मला चौतीस टक्के झाले, अभ्याला साडेछत्तीस. पस्तीसला पास. म्हणून अभ्या पास आन् मी नापास. घरात असा निकाल लागलाय."

"अगं, पण सीईटीला पस्तीसचा काही संबंध..."

"मला ठाव हाय, मॅडम. मला सगळं कळतंय. अण्णाला मी चार वेळा सांगितलं. ते म्हणतेत, तू नापास झालीस म्हणून असं सांगालीस, मी कॉलेजच्या मॅडमला इचारलंय." मग तिनं फाईलचं बटण दोनदा उघडून बंद केलं. "परवा रविवारी पावणे येणार हायेत बघायला. मला अठरा पुरी झालीत मागच्या म्हैन्यात."

मी अभिजितकडं बघितलं. तो म्हणाला, "म्या बी सांगितलं मोठ्या अण्णाला. माझे बाबा म्हणले, तू पास झालास न्हवं, गप बस."

ऋतुजा उठली. "तुमी नापास केलाव," ती म्हणाली, "आता तुमीच पास करा."

प्राचार्यांकडं अर्ध्या दिवसाची सुट्टी मागायला गेले. तामलवाडीला एका मुलीच्या घरी जायचं आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा फुलला. "जा, जा! ॲडमिशन घेऊनच या. आजूबाजूची दोन-तीन पोरं बघून या." मी "बरं" म्हणाले. इतक्या वर्षांत प्राचार्यांचे गैरसमज दूर करायच्या फंदात मी कधी पडले नव्हते.

स्कुटीवर मागं ऋतुजा बसली. अभिजित एसटीनं निघाला. घाट उतरून खाली आलो, सोलापूर रस्त्याला लागलो. वाटेत मी मनातल्या मनात भाषण तयार करत होते. शंभर पोरांची ओळ, ऐंशी जण मागं, वगैरे. आजवर हजारभर वेळा केलेलं भाषण. मला त्याचा अभिमान होता.

घर रस्त्याच्या कडेलाच होतं. पुढं पत्र्याची शेड, शेडमध्ये टेंपो, टेंपोत कांद्याची पोती. दत्ता अण्णा बनियनवर टायरला हवा भरत होते. मला मुलीबरोबर बघून त्यांनी आधी शर्ट घातला, मग "या मॅडम, बसा" म्हणाले, मग आत ओरडून चहा टाकायला सांगितला. मग कुठं मुलीकडं बघितलं. तेवढ्यात शेजारच्या दारातून त्यांचे धाकटे भाऊ आले, बाळू काका, अभिजितचे वडील. त्यांचाही टेंपो होता. दोघं भाऊ कांदा वाहायचे.

बसल्या बसल्या मी म्हणाले, "अण्णा, माझं चुकलं."

हे वाक्य मी घरी सहसा म्हणत नाही, ऑफिसात तर कधीच नाही.

"काय चुकलं?"

"तुम्ही फोन केला होता. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं."

अण्णांचे डोळे चमकले. "म्हंजे मार्क वाढले का?"

"मार्क तेवढेच आहेत. पण मुलगी नापास नाही. त्यात नापास असं काही नसतंच."

"मग समदे पास व्हतेत का?"

"म्हणजे, पासही कुणी होत नाही."

अण्णा आणि बाळू काका यांनी एकमेकांकडं बघितलं. कॉलेजात शिकवणाऱ्या लोकांचं डोकं ठिकाणावर नसतं, असं त्यांना आधीपासून वाटत असावं. मी भाषण काढलं.

"असं समजा, शंभर पोरं ओळीत उभी केली..."

"कुठं?" अण्णा म्हणाले.

"कुठंही. समजा."

"समजा म्हंजे उभी न्हाईतच की."

"नाहीत. पण उभी केली असती तर ऋतुजा त्यातल्या एकसष्ट जणांच्या पुढं असती. आणि अभिजित एकोणसाठ."

"हे बघा," बाळू काका आता सरसावून बसले, "हितंच घोटाळा हाय. अभ्याला पाच मार्क जास्ती. जास्ती मार्कवाला म्होरं पायजे का मागं? दादा, म्या तुला सांगितलं न्हवतं? ह्यात कुणीतरी कायतरी केलंय."

"व्हय की," अण्णा म्हणाले. स्वतःच्या मुलीच्या विरोधात भावाची बाजू घेणारा बाप मी तेवढा एकच बघितला.

मी सांगू लागले. परीक्षा एका दिवशी नसते. पोरं फार, कॉम्प्युटर थोडे, म्हणून कित्येक दिवस रोज सकाळी एक पेपर आणि दुपारी एक. दर वेळेला प्रश्न वेगळे. एखाद्या वेळेचा पेपर सोपा पडतो, एखाद्या वेळेचा अवघड. म्हणून एका पेपरातल्या पोरांची ओळ त्या पेपरातल्याच पोरांची. मी 'सत्र' हा शब्द वापरला, 'सामान्यीकरण' हा शब्द वापरला. बाळू काकांनी जांभई दिली. अण्णा नम्रपणे ऐकत होते, पण त्यांची नजर टायरकडं होती. माझी हजारभर वेळा चाललेली गाडी तामलवाडीत येऊन बंद पडली.

ऋतुजा इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"अण्णा," ती म्हणाली, "तुमी हितनं कांदा भरून तुळजापूरला किती वेळात जाताव?"

"कशाला?"

"सांगा की."

"पाऊण तास. कधी जास्ती. भरल्या गाडीला घाट हाय."

"आन् काका, तुमी सोलापूरला?"

"पस्तीस मिनिटं," बाळू काका म्हणाले. "ट्रॅफिक नसल तर तीस."

"आंतर किती?"

"सारखंच, थोडंफार इकडंतिकडं."

"मग काका चांगले डायवर," ऋतुजा म्हणाली, "आन् तुमी खराब."

अण्णांचा चहा ओठापर्यंत जाऊन थांबला. "कोण खराब? त्याला सरळ सडक हाय! आण म्हणावं घाटात. दुसऱ्या गिअरच्या भाईर निघायचा न्हाय."

"दादा, आता माझ्या गिअरवर कशाला यालाव?" बाळू काका म्हणाले.

"येणार! मागच्या सालाला देवीला निघालास तवा वळणावर कोण अडकलं हुतं? म्याच ओढून काढलं."

"गाडीत पंधरा माणसं हुती!"

मला वाटलं आता विषय हातातून गेला. पण मुलीनं आवाज न वाढवता दोघांना थांबवलं.

"मग घाटातला डायवर चांगला का वाईट, हे कुणासंगट लावून बघायचं?"

"घाटातल्यासंगट," अण्णा म्हणाले. "दुसरं कुणासंगट बघायचं?"

"माझा पेपर घाटातला हुता, अण्णा. अभ्याचा सडकंचा. सडकंवर त्याला मिनिटं कमी लागली. पर घाट चढलेल्या शंभर गाड्यातल्या एकसष्ट माझ्या मागं हायेत. आन् सडकंवरच्या शंभरातल्या एकोणसाठ त्याच्या मागं. मॅडम मघापासून हेच सांगालेत."

मॅडम मघापासून हे सांगत नव्हत्या. मॅडमना हे इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. पण मी मान हलवली, जणू माझंच आहे.

अण्णांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे तुझा पेपर अवघड हुता, हे तू आधी का सांगितलं न्हाईस?"

"चार वेळा सांगितलं."

"घाट म्हणून सांगितलं न्हाईस."



बाळू काका अजून तयार नव्हते. "म्हंजे आमच्या पोराला सोपा पेपर देऊन मागं टाकला, असंच न्हवं?" एवढ्यात एसटीनं आलेला अभिजित दारात पोचला होता. "बाबा," तो म्हणाला, "सडकंवर म्या बी बेल्ट लावून आरामशीरच चालवली." तो खरं बोलत होता, हे त्याचा स्कोअर बघितलेल्या मला पटलं.

पण अण्णांचं खरं दुखणं वेगळंच होतं. ते बाहेर यायला चहाचा दुसरा कप लागला.

"मॅडम, म्या चार लोकात सांगितलंय, पोरगी नापास झाली म्हणून. पावण्यांना बी सांगितलंय, शिक्षण संपलं, आता उजवायची हाय. आता कोणत्या तोंडानं सांगू?"

आतून ऋतुजाची आई आली. तिनं रिकामे कप ट्रेमध्ये गोळा केले आणि म्हणाली, "नापास झाली म्हणून ज्या तोंडानं सांगितलाव, त्याच तोंडानं पास झाली म्हणून सांगा. तुमच्याकडं दुसरं कुठं हाय?"

"आन् पावणे?"

"पावण्यांना म्हणावं, चार वर्षांनी या."

ट्रे घेऊन ती आत गेली. आमच्या कॉलेजात एवढा स्पष्ट निर्णय मी कुठल्याही बैठकीत झालेला बघितला नाही.

अण्णांनी तिथंच फोन लावला. मला वाटलं होतं, पोरीला पुढं शिकवायचं आहे म्हणून सांगतील आणि ठेवतील. पण नव्यानं समजलेली गोष्ट माणसाला गप्प बसू देत नाही. त्यांनी पावण्यांना पर्सेंटाईल समजावलं. घाट, सडक, भरली गाडी, रिकामी गाडी, शंभरातल्या एकसष्ट. दहा-बारा मिनिटं. मध्ये ते पावण्यांना ओरडले, "अवो, मिनिटं बघू नका, मागं किती हायेत ते बघा!" शेवटी फोन खाली ठेवून म्हणाले, "ते म्हणले, ऱ्हाऊ द्या." त्यात त्यांना जरा वाईटही वाटलेलं दिसलं. पावण्यांना बहुधा मुलीची काही अडचण नव्हती, असल्या सासऱ्याची भीती वाटली असावी.

शनिवारी दुपारी अण्णा मुलीला घेऊन कॉलेजात आले. टेंपोनंच आले, मागं पोती तशीच. नॉन क्रिमीलेयर दाखल्याची मुदत संपलेली निघाली, तर नवीन काढायला टाकल्याची पावती चालते, म्हणून त्यांना तहसीलला पळवलं. अर्ज पक्का झाला तेव्हा साडेचार वाजले होते. तेवढ्या वेळात व्हरांड्यातल्या दोन बापांना त्यांनी घाट समजावून सांगितला होता. त्यातला एक येडशीचा होता, तो म्हणाला, "आमच्याकडं घाट न्हाय, रेल्वे हाय." अण्णांनी क्षणभर विचार केला आणि त्याला मेल आणि पॅसेंजरचं उदाहरण दिलं. मी आतून ऐकत होते. पुढं मी निवृत्त होईपर्यंत या दोन्ही उदाहरणांवर माझी नोकरी चालली.

पहिल्याच फेरीत ऋतुजाला आमचं कॉलेज मिळालं. अभिजितला दुसऱ्या फेरीत मिळालं. बाळू काका मला अजूनही भेटले की म्हणतात, "घोटाळाच हुता त्यो, पर जाऊ द्या." ती आता तिसऱ्या वर्षाला आहे. फार हुशार वगैरे नाही. एका विषयात अडकली होती, निघाली. तिला औषधाचं दुकान टाकायचं नाही, कंपनीत जायचं आहे असं म्हणते. मुलं तिसऱ्या वर्षाला काहीही म्हणतात.

हे सगळं मी इथंच थांबवलं असतं तर माझी बाजू बरी दिसली असती. चूक केली, स्कुटी काढली, चूक सुधारली. प्राचार्यांनी तर माझा भर बैठकीत सत्कार केला, गुलाबाचं फूल देऊन. घरी जाऊन ॲडमिशन आणणारी पहिली कारकून म्हणून.

पण प्रवेश निश्चित करायला ऋतुजा आली त्या दिवशीची गोष्ट सांगायची राहिली. सह्या झाल्या, पावती घेतली. अण्णा बाहेर कुणाला तरी पकडून बसले होते. ती टेबलापाशी रेंगाळली.

"मॅडम, एक इचारू? राग येणार न्हाय न्हवं?"

"विचार."

"मला एकसष्ट हुते म्हणून तुमी घरी आलाव. तीस असते तर आला असताव का?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. आलेच असते, अगं, मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न होता. ते वाक्य मी म्हणू शकले असते, आणि तिनं ऐकूनही घेतलं असतं. पण ती बघत होती. तीस पर्सेंटाईलवर आमच्याच कॉलेजात जागा मिळते, हे मला पाठ होतं. मला हेही पाठ होतं की तीसवाल्या मुलीनं तो कागद माझ्यापुढं ठेवला असता, तर मी तिला चार दिलाशाचे शब्द सांगून दोन वर्षांच्या डी. फार्मसी डिप्लोमाचा फॉर्म हातात दिला असता आणि "पुढचा" म्हणाले असते.

"नसते आले बहुतेक," मी म्हणाले.

"मला वाटलंच हुतं," ती म्हणाली. रागावली नाही. पावतीची घडी घालून फाईलमध्ये ठेवली, "येते मॅडम" म्हणाली आणि गेली.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला नाही. मोबाईल काढला. निकालानंतरच्या दिवसांतले फोन त्यात अजून होते. नावं नव्हती, नुसते नंबर. त्यातल्या किती जणांना मी मान आणि खांद्याच्या मध्ये फोन धरून काय काय सांगितलं होतं, ते मला आठवत नव्हतं. मी वरून एकेक नंबर लावायला लागले. कॉलेजच्या मॅडम बोलतेय, तुम्ही चौकशीला फोन केला होता, मुलाचं-मुलीचं पुढं काय झालं?

काही लागले नाहीत. एकानं मला विमा विकणारी समजून शिवी दिली. एका मुलाला लातूरला मिळालं होतं. एक मुलगी नर्सिंगला गेली होती, तिची आई म्हणाली, बरं झालं, तिला रक्ताची भीती वाटत न्हाय. दोन घरांत पोरांनी अर्जच भरला नव्हता, आणि मुदत संपली तरी कॉलेज आपल्या पातळीवरच्या जागांसाठी अजून अर्ज घेतं म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोन्ही पोरं व्हरांड्यात हजर होती. त्यातल्या एकाचे दात घासायचेच राहिले होते.

सतराव्या का अठराव्या नंबरला एका माणसानं फोन उचलला. मागं भांड्यांचा आवाज होता, आणि बरीच माणसं. मी माझं ठरलेलं वाक्य म्हटलं.

"अरे मॅडम! तुमी व्हय?" ते एकदम खूष झाले. "तुमी सांगितलाव ना, जमायचं न्हाय म्हणून. लई बरं झालं, येळेवर सांगितलाव. लगीन झालं की पोरीचं, परवाच. तुमाला बी आवतान द्यायचं हुतं, पर नाव ठाव न्हवतं. आज परतून आलीय, हितंच हाय. देऊ का तिच्याकडं?"

मी हो म्हणायच्या आत त्यांनी फोन दिलासुद्धा. पलीकडं बांगड्या वाजल्या, मग एक बारीक आवाज "हॅलो" म्हणाला आणि थांबला.

"अभिनंदन," मी म्हणाले.

"थँक्यू मॅडम," ती म्हणाली.

तिला किती पडले होते, हे मी विचारलं नाही. थोडा वेळ आम्ही दोघी तशाच फोन धरून होतो, मग तिला आतून कुणीतरी हाक मारली.